बाळंतविड्यापर्यंत भरतकामावर हात बसेल का?

अर्धवट रुमाल (इंदिरानगर, नाशिक)

सप्रेम नमस्कार. माझ्या नणंदेला मार्गशीर्षात बाळ होणार आहे. तिच्या बाळंतविड्यातले दुपटे आणि टोपडे विकत न आणता मी स्वतः भरून देणार, असे मी आषाढातच घरात जाहीर करून बसले आहे. त्याआधी भाऊबीज येते आणि त्या दिवशी धाकट्या भावाला त्याच्या नावाचे आद्याक्षर भरलेला रुमाल द्यावा, असेही मनात आहे. अडचण एवढीच की, मला भरतकाम येत नाही. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला शिकलेला धावदोरा आणि साखळी टाका, हेच काय ते भांडवल. मी अंबडच्या एका कारखान्यात हिशेबाचे काम करते, त्यामुळे रात्रीच्या जेवणानंतरचा पाऊण तास आणि रविवारची दुपार, एवढाच वेळ माझ्या हाताशी असतो. ठरावीक वेळेच्या शिकवणीला जाणे जमणारे नाही.

पहिला प्रयत्न करून झाला आहे आणि तो कसा फसला हे सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते. पांढऱ्या शुभ्र रुमालावर लाल दोऱ्याने मी गुलाबाचे फूल भरायला घेतले. लडीतून निघालेला दोरा जसाच्या तसा, सगळ्या पदरांसकट, जाड नेढ्याच्या सुईत ओवला. पाकळ्या भरून झाल्या तेव्हा फुलाभोवतीचे कापड चुण्या पडून वाटीसारखे वर आले होते. मग आठ दिवस कामाच्या धबडग्यात रुमाल, कापड ताणून धरणाऱ्या स्क्रूच्या गोल रिंगमध्येच राहिला आणि सोडवला तेव्हा रिंगचा गोल वळ तर उमटला होताच, शिवाय स्क्रूच्या जागी गंजाचा तपकिरी डाग पडला होता. धुतल्यावर सगळे निघेल या आशेने कोमट पाण्यात भिजवला, तर गुलाबाचा रंग उतरून पाव रुमाल गुलाबी झाला. माझ्या सासूबाईंनी तो पाहून ‘रंगपंचमीला तरी उपयोगी पडेल’ एवढेच म्हटले.

आता माझा प्रश्न असा आहे की, आधी काही महिने नुसते टाके गिरवावेत आणि मग वस्तूंना हात घालावा, की वस्तू करता करताच शिकता येते? वस्तू करता करता शिकता येत असेल, तर कोणती वस्तू आधी घ्यावी, तिच्यासाठी कापड कोणते आणि दोऱ्याचे पदर किती, हे कृपया कोणी अनुभवी व्यक्तीने सांगावे.

पंचवटीच्या बाई

आपला गुलाबी रुमाल वाचून बरे वाटले, कारण त्यात एकही चूक अशी नाही जी मी स्वतः केलेली नाही. मी बरीच वर्षे मुलींच्या शाळेत हस्तकला शिकवली आणि निवृत्तीनंतर आता सुनांना व नातींना शिकवते आहे. माझे मत स्पष्ट आहे: वस्तू करता करताच शिकावे. मात्र मनात भरलेली नक्षी घेऊन बसू नये. ज्या वस्तूला जो टाका शोभतो आणि झेपतो, तो टाका त्या वस्तूवर शिकावा.

आपण पहिल्याच दिवशी भरीव टाका घेतलात, तिथेच घोटाळा झाला. दिसायला तो सोपा वाटतो, कारण इकडून तिकडे दोरा न्यायचा एवढेच काम, पण सगळे टाके एकाच ताणाने, एकमेकांना चिकटून आणि कडेला एका रेषेत संपणे ही सरावाचीच गोष्ट आहे. त्यात सहापदरी दोरा पातळ रुमालावर वापरला की कापड खेचले जाणारच. बाजारात मिळणाऱ्या भरतकामाच्या लडीत सहसा 8 मीटर दोरा असतो आणि तो सहा पदरांचा असतो, ते पदर सुटे करून हवे तेवढे घ्यायचे असतात. रुमालासारख्या कापडाला एक किंवा दोन पदर, मांजरपाट किंवा केसमेंट या जाडसर सुती कापडाला दोन ते तीन, असा माझा हिशेब आहे. पदर सोडवताना सगळे एकदम ओढू नयेत. कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढा, म्हणजे साधारण 45 सेंटिमीटर, दोरा कापून घ्यावा, त्यातला एकेक पदर सरळ वर ओढून काढावा आणि मग हवे तेवढे पुन्हा शेजारी ठेवून ओवावेत. असे केले की दोरा पिळला जात नाही आणि टाका कापडावर सपाट बसतो. लांब दोरा घेतला की वेळ वाचतो हा भ्रम आहे, कारण कापडातून पुन्हा पुन्हा जाऊन त्याला रोंवे सुटतात आणि शेवटच्या वितीत तो निस्तेज दिसू लागतो. सुईचा क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक, हेही दुकानात गेल्यावर लक्षात असू द्यावे.

आता वस्तूंविषयी. पहिली वस्तू कोणालाही भेट देऊ नये, ती स्वतःच्या स्वयंपाकघरासाठी करावी. ताटावर झाकायचे चार रुमाल करा. मांजरपाट आणा, रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापा, कारण हे कापड पहिल्या धुण्यात आटते आणि आधी भरले तर नंतर नक्षीभोवती चुण्या पडतात. पहिल्या रुमालाच्या चारही कडांना बोटभर आत फक्त धावदोरा घाला. दुसऱ्यावर उलटी टीप, म्हणजे प्रत्येक टाका मागे येऊन आधीच्या टाक्याला भिडवायचा, तिसऱ्यावर देठ टाका, म्हणजे एकमेकांवर थोडे चढत जाणारे, दोरीसारखे दिसणारे तिरपे टाके, आणि चौथ्यावर साखळी. नक्षी काढू नका, ताटलीच्या कडेने पेन्सिलीची अर्धगोल कमान काढली तरी पुरे. देठ टाक्यात दोरा प्रत्येक वेळी सुईच्या एकाच बाजूला ठेवायचा असतो. एकदा खाली आणि एकदा वर असा राहिला की दोरखंडाचा पीळ मध्येच तुटल्यासारखा दिसतो. कमानीवर टाके लहान घ्यावेत, नाहीतर वळण कोनाकोनाचे होते. ही गोष्ट शंभरदा वाचून कळत नाही, पण तिसऱ्या रुमालाच्या दुसऱ्या कोपऱ्यात आपोआप कळते. रुमाल रोज वापरात आणि धुण्यात राहिले की कुठला शेवट नीट अडकवला नव्हता, हेही महिनाभरात समोर येते.

बाळाच्या दुपट्याला मात्र भरीव फुले नकोतच. सासूबाईंचे एखादे जुने, मऊ झालेले सुती पातळ मिळाले तर ते दुहेरी घडी घालून त्यावर गोधडीसारखा धावदोरा घाला. आधी मोठे कच्चे टाके घालून दोन्ही थर एकमेकांना धरून ठेवावेत. आमच्याकडे गोधडीचा दोरा कडेपासून सुरू होऊन चौकोनात चौकोन असा आत आत येतो, तसाच घ्यावा. त्याला रिंग लागत नाही, जमिनीवर पसरून बसले की झाले. दोन-तीन रात्रींत आपला टाका सारखा पडू लागेल आणि दुपट्याचे मधले चौकोन बाहेरच्यापेक्षा कितीतरी सुबक निघतील. लोक ते पाहत नाहीत, पण आपल्याला दिसते आणि दिसावे.

रिंगविषयी दोन शब्द. आतल्या कडीला सुती कापडाची पट्टी गुंडाळा म्हणजे कापड घसरत नाही आणि वळही कमी उमटतो. काम थांबवताना रिंग रोज काढायचीच, विशेषतः पावसाळ्यात. गंजाच्या डागावर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवण्याचा घरगुती उपाय चालतो, पण रंगीत दोऱ्याजवळ तो करू नये.

मांजरपाट (गंगापूर रोड)

बाईंच्या अनुभवापुढे माझा अनुभव थोडा आहे, तरीही एका मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. वस्तूला मुदत असते आणि मुदत आली की माणूस चूक उसवत नाही, तशीच पुढे रेटतो. माझ्या बहिणीच्या रुखवतासाठी मी उशीचे दोन अभ्रे भरले होते. त्यांतला पहिला आज पाहवत नाही आणि तो तिच्या घरी दिवाणखान्यात दिमाखात मांडलेला असतो. म्हणून एक हातभर केसमेंट नुसत्या सरावासाठी ठेवावे, प्रत्येक नवा टाका आधी त्यावर वीतभर घालावा आणि मगच वस्तूवर न्यावा, असे मला वाटते. वस्तूवर वापरायचा दोरा, त्याचे पदर आणि सुई हीच जोडी त्या तुकड्यावर आधी आजमावली तर पुढचे बरेच रडगाणे टळते.

रंग उतरण्याचा मुद्दा राहिला आहे. लाल, गडद निळा, काळा आणि गडद जांभळा दोरा वापरण्यापूर्वी त्याचा वीतभर तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात दाबून ठेवावा. कापडाला रंग लागला तर तो दोरा पांढऱ्या वस्तूसाठी बाद समजावा. भरून झालेल्या वस्तूचा रंग उतरायला लागला, तर ती वाळू न देता गार पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळून काढावी. एकदा वाळून डाग बसला की तो निघणे अवघड असते. कोमट पाण्याचा प्रयोग गडद रंगावर करूच नये.

नक्षी उतरवायला पिवळा कार्बन चालतो, पण बोटांचा दाब पडला की तो नको तिथेही उमटतो. पाण्याने जाणारे पेन सोयीचे आहे, फक्त रेघ धुतली जाण्यापूर्वी त्यावर इस्त्री फिरवू नये, कारण उष्णतेने ती पक्की होऊ शकते. मेन रोडच्या आसपासच्या गल्ल्यांत शिवणसामानाची जुनी दुकाने आहेत. तिथे नक्षी छापून देणारे कोणी असेल तर अवश्य विचारावे. टोचलेल्या कागदावरून रॉकेल आणि नीळ फिरवून खाका उतरवण्याची त्यांची पद्धत आजही कोणत्याही पेनापेक्षा स्वच्छ वाटते.

धारवाडची लेक (सध्या नाशिक रोड)

भावाच्या रुमालाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. रुमाल ही अशी वस्तू आहे की तिला उलट बाजू नसते. खिशातून काढून घडी उलगडली की दोन्ही बाजू दिसतात, म्हणून मागे गाठी आणि आडवेतिडवे दोरे असलेले अक्षर तिथे शोभत नाही. माझ्या माहेरी यासाठीच कसुती वापरतात, ज्याला इकडे कर्नाटकी कशिदा म्हणतात. तिच्यात गवंती, मुरगी, नेयगी आणि मेंती असे चार टाके असतात. नक्षी कापडावर छापायची नाही, कापडाचे धागे मोजत जायचे आणि कुठेही गाठ मारायची नाही, हा तिचा नियम. गवंती म्हणजे जातानाचा धावदोरा आणि परतताना त्याच वाटेने राहिलेल्या जागा भरणे. त्यामुळे रेघ दोन्ही बाजूंनी हुबेहूब सारखी दिसते.

अडचण अशी की बारीक रुमालाचे धागे नवशिक्याला मोजता येत नाहीत. त्यावर सोपा मार्ग आहे. पुरुषांच्या पुष्कळ रुमालांना कडेने विणीतच रंगीत पट्ट्या असतात. अशा पट्टीच्या रेषेवर एका पदराने, साधारण 3 मिलिमीटरचा टाका घेत गवंतीने जा आणि परत या. आद्याक्षर हवेच असेल तर ते सरळ रेषांचे, पायऱ्यापायऱ्यांचे काढा. ‘म’ आणि ‘र’ यांच्या गोलाई या पद्धतीत जमत नाहीत, पण शिरोरेघ मात्र फार छान येते. सुरुवातीला गाठ न मारता दोऱ्याचे टोक वीतभर मोकळे सोडा आणि शेवटी ते सुईत ओवून घातलेल्या टाक्यांच्या पोटातून चार-पाच वेळा फिरवून कापा. चौकडीचे कापड घेऊन त्याच्या चौकटींवर एक संध्याकाळ सराव केला तर हिशेब पक्का होतो. आपण हिशेबखात्यात आहात, त्यामुळे मोजणीचे हे काम आपल्याला फुलापानांपेक्षा लवकर जमेल, अशी माझी अटकळ आहे.

पंचवटीच्या बाई

धारवाडच्या ताईंनी लाखमोलाची गोष्ट सांगितली. मांजरपाट यांचे म्हणणेही मी मान्य करते, पण सरावाच्या तुकड्याला हातभराची मर्यादा पाळावी. माझ्या विद्यार्थिनींच्या नमुन्यांच्या वह्या सुरेख असत आणि घरात मात्र त्यांनी भरलेली एकही वस्तू नसे.

मोहाच्या दोन गोष्टींपासून नाशिककरांना सावध करते. पहिला मोह द्राक्षाच्या घडाचा. भरीव टाक्याने भरलेले एक सुबक वाटोळे हे कठीण काम, आणि घडात तशी वीस असतात. भरायचेच झाले तर आधी कडेने बारीक उलटी टीप घालून घ्या, वाटोळ्याच्या मधोमध सर्वांत लांब टाका घाला, मग एका बाजूला आणि नंतर दुसऱ्या बाजूला भरत जा. किंवा सरळ प्रत्येक मण्याची नुसती कड उलट्या टिपेने काढा, पान साखळीने भरा आणि घड पूर्ण झाला असे म्हणा. दुसरा मोह येवल्याच्या पैठणीवरचा मुनिया पोपट किंवा कमळ उचलण्याचा. ती नक्षी भरलेली नसून विणलेली असते, त्यामुळे तिच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या असतात. देठ टाक्याने ती गिरवली की पोपट भेंडाळतो. मॅटीच्या, म्हणजे विणीत मोजता येतील अशी घरे असलेल्या, कापडावर फुली टाक्याने, घर मोजून, तीच नक्षी घेतली तर मात्र ओळखू येते.

टोपडे शेवटी घ्या आणि त्याचे कापड आधी कापू नका. अखंड कापडावर टोपड्याचा आकार आखा, रिंग लावून त्या आखणीच्या आत भरा आणि नंतर कापा, कारण कापलेला लहान तुकडा रिंगमध्ये धरता येत नाही आणि त्याच्या कडा हाताळून सुटतात.

अर्धवट रुमाल (इंदिरानगर, नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. दिवाळी झाली, म्हणून कुठवर आले ते कळवते. ताटावरचे चारही रुमाल झाले. देठ टाक्याचा पीळ मध्येच तुटतो म्हणजे नेमके काय होते, ते बाईंनी सांगितले होते अगदी तिथेच, तिसऱ्या रुमालाच्या दुसऱ्या कोपऱ्यात समजले. भावाचा रुमाल पट्टीवर गवंती घालून केला. परतीच्या वाटेवर सुई आधीच्याच भोकातून न जाता दोऱ्याच्या पदराला टोचते आणि रेघ किंचित वाकडी होते, हे दोनदा उसवल्यावर ध्यानात आले. मग बोथट टोकाची सुई घेतली, तेव्हा जमले. भावाने रुमाल उलटसुलट करून पाहिला आणि सुलट बाजू कोणती असे विचारले, याहून मोठी ओवाळणी मला नको होती. दुपट्याचे पाच चौकोन झाले आहेत, तीन उरले आहेत.

आता टोपड्याचा शेवटचा प्रश्न. कपाळावर येणाऱ्या पट्टीवर पाकळी टाक्याची लहान फुले आणि त्यांच्या मधोमध गाठीचे टाके घालावेत असे योजले आहे, परंतु आतल्या बाजूचे दोरे बाळाच्या कपाळाला टोचतील का? आणि सासूबाई चार टिकल्या लाव म्हणतात, त्या लावाव्यात का?

पंचवटीच्या बाई

टिकल्या आणि मणी अजिबात लावू नका. सुटलेली टिकली बाळाच्या तोंडात जायला वेळ लागत नाही. सासूबाईंना हे सांगताना माझे नाव सांगितले तरी चालेल. गाठीचे टाके घाला, पण सुईला दोऱ्याचा एकच वेढा द्या आणि दोरा वर आला त्याच भोकात सुई परत न घालता एक-दोन धागे सोडून शेजारी घाला, नाहीतर गाठ कापडातून खाली निसटते. वेढा दिल्यावर डाव्या हाताने दोरा ताणून धरला तर गाठ सैल राहत नाही. एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत दोरा मागून ओढत नेऊ नका. प्रत्येक फूल तिथल्या तिथे संपवा, कारण मागच्या लांब दोऱ्यात बाळाची इवली बोटे अडकतात. भरून झाले की पट्टी जाड टॉवेलवर उलटी पसरून मागून इस्त्री करा म्हणजे गाठी दबत नाहीत. मग आतून जुन्या मलमलीचे अस्तर लावा आणि पूर्ण झालेले टोपडे बारशाआधी दोनदा साध्या पाण्यात धुऊन घ्या. बांधायचे बंद मात्र लहानच ठेवा.